तीन लिटर

रोज सकाळी आठला, पहिला पेशंट यायच्या आधी,
मी तीन लिटरची पिचकारी यंत्राला लावते
आणि दट्ट्या शेवटापर्यंत रेटते.
पडद्यावर तीन आलं तर दिवस सुरू.
दोन पूर्णांक ऐंशी आलं तर कुणाचीही छाती मोजायची नाही,
आधी यंत्राची.

म्हणून शनिवारी कुडचड्यात, इनास मेस्ताच्या शेडमध्ये,
बाकावर मांडलेले दोन मीटर पाहिले
तेव्हा मी किंमत विचारली नाही.
विचारलं, हे कशासमोर धरून तपासलेत?

एक निळा, चकचकीत, रुंद नळीचा,
वर स्टिकर: मोठ्या इंजेक्टरांसाठी.
दुसरा म्हणजे माझ्या ऑक्टावियाचंच जुनं काळं घर,
आतली पट्टी नवी,
आणि सोबत चार घड्यांचा एक कागद.
कोल्हापुरात कुणीतरी बेंचवर बसून लिहिलेला:
हवा इतकी, व्होल्ट इतके.
चोवीस ओळी. सतरावी खोडून पुन्हा लिहिलेली.

"निळो फट मारता," इनास म्हणाला,
"पूण मेजून मारता."

नळी रुंद, म्हणून हवा संथ.
पट्टीला वाटतं, कमी आली.
संगणक पट्टीचं ऐकतो, पेट्रोल कमी मागतो,
आणि इंजेक्टर मोठे असल्यामुळे
पडायचं तेवढंच पडतं.
दोन चुका एकमेकींचा हात धरून
बरोबर उत्तराच्या दारात.

मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू.
आमच्या घरी वीस वर्षं असंच चाललं.
बाबा पगार कमी सांगत, आई खर्च जास्त,
आणि महिनाअखेर जुळायची.

"मागीर?" मी विचारलं.
"मागीर ठिणगी."
ती कधी पाडायची तेही संगणक याच आकड्यावरून ठरवतो.
त्याला वाटतं गाडीवर ओझं नाही,
म्हणून तो घाई करतो.
चढावर, तिसऱ्या गियरला, टर्बो भरलेला असताना
वेळेआधी पडलेली ठिणगी...
इनासने ऑइलच्या रिकाम्या डब्यावर
पान्याने तीनदा टकटक केलं.
एवढाच आवाज. मग पिस्टन.

मला तुळशीदास वेळीप आठवले.
बारा वर्षं खाणीचा टिपर हाकलेले,
आता शाळेच्या बसवर लागायचं होतं त्यांना.
फुंकून फुंकून डोळे लाल झाले आणि म्हणाले,
"बाय, मात्शें वयर बरय."
मी आलं तेवढंच लिहिलं.
ते परत आले नाहीत.
इनासला हे सांगितलं नाही; त्याचं त्यात काय.

मी काळा घेतला.
निळ्यापेक्षा महाग पडला, कारण इंजेक्टर मोठे झाल्याचं
संगणकाला वेगळं, सरळ सांगावं लागलं:
इनासचा भाचा शेनॉय, मांडीवर लॅपटॉप,
चार तास, दोन लिंबूसोडे,
आणि एअर फिल्टर झटकताना उडालेली लाल धूळ
जी खाण बंद असली तरी या गावात कुठून येते कोण जाणे.

खरं सांगायचं तर मला पटवलं कागदाने नाही,
त्यातल्या खाडाखोडीने.
कुणालातरी सतराव्या ओळीचा संशय आला होता,
आणि घरी जायची वेळ झाली असेल तरी
त्याने पंखा पुन्हा सुरू केला होता.

संध्याकाळी रिवणच्या रस्त्याला, चढाच्या मध्यावर,
शेनॉय मागून ओरडला, "सतरावी!"
मी पाय तसाच दाबून ठेवला.
काजूच्या झाडांमधून आत खेचलेली हवा
ऐकू येत होती, मोठ्या छातीच्या माणसासारखी.
टकटक नाही.
वर पोचल्यावर गाडी थांबवली
तर रिकाम्या गियरला थोडी कापत होती.
ते सोमवारी बघू, शेनॉय म्हणाला.

सोमवारी आठला मला पिचकारी लावायची आहे.