मधल्या चौकोनाची उंची

एंगुरीच्या वरच्या अंगाला, ल्हेरी गावात,
जाबुलीच्या माडीवर मी टेबल मांडलंय.
खाली गाई. त्यांची ऊब फळ्यांतून वर येते,
माझे पाय आणि लॅपटॉप, दोन्ही शाबूत राहतात.

पडद्यावर डोंगर म्हणजे नुसते आकडे.
पाच मीटरांचा चौकोन, चौकोनाला एक उंची:
दोन हजार चौऱ्याहत्तर, दोन हजार एक्क्याऐंशी,
पाटीवर पाढे मांडावेत तसे.
उतार काढायची रीत जुनी आहे.
एका चौकोनाचे आठ शेजारी घ्यायचे,
पूर्वेच्यांतून पश्चिमेचे वजा,
उत्तरेच्यांतून दक्षिणेचे,
कोपऱ्यातल्याला एकपट वजन, लगतच्याला दुप्पट,
मग भागाकार, वर्ग, मूळ, कोन.
मधल्याची स्वतःची उंची
हिशेबात कुठेच येत नाही.

हे जाबुलीला सांगितलं. ती कणीक मळत होती.
म्हणाली, बरोबरच आहे की.
मुर्झाकान केवढा उंच होता, कोण विचारतं आता?
वरच्या बुरुजाच्या आणि खालच्या बुरुजाच्या
मधे उभा होता, एवढंच लोकांना ठाऊक.

तीन बाय तीनच्या खिडकीतून
हा डोंगर चवताळलेला दिसतो.
बांध लाल, निखळलेला धोंडा लाल,
बुरुजाभोवती एक्कावन्न अंशांचं लाल कडं
आणि कड्याच्या आत बुरूज स्वतः
शून्य. सपाट. कुणी बांधलाच नाही जणू.

नऊ बाय नऊ. धोंडे गेले.
सत्तावीस. बांध गेले, बुरूज विरघळले.
एक्क्याऐंशीला सगळं हिरवं-पिवळं, गुळगुळीत,
दुरून डोंगर साजरे ते असे,
चारशे मीटरांवरून, सरासरी काढून.

त्बिलिसीला एकच नकाशा हवाय.
कुठे घर बांधू द्यायचं, कुठे नाही.
तीस अंशांपुढे बर्फ सुटायला लागतो, असं पुस्तकात आहे,
पण तो कुठल्या खिडकीतून बघतो
ते पुस्तकात नाही.
पोर घसरतं ते हातभर जागेवर.
गवताची घसरगाडी उलटते ती बैलजोडीच्या लांबीवर.
आणि बर्फ?

दुपारी जाबुली गाय घेऊन निघाली, मी मागे.
त्साब्ला आडवी चालते, कधीच सरळ चढत नाही,
तिचं माप पुढच्या खुरांपासून मागच्या खुरांपर्यंत.
तिच्या आज्या-पणज्यांनी उतारावर कोरलेल्या पायवाटा
माझ्या एकाही खिडकीत उमटल्या नव्हत्या.
ओहोळापाशी ती थांबली.
माझ्या नकाशात तिथे बारा अंश, हिरवागार.
हिसडे दिले, शिव्या दिल्या, शेवटी
जाबुलीच म्हणाली, राहू दे.
लामारा इथेच राहायची. माझी बहीण.
इथे कुठला आलाय उतार, मुली,
उतार वर आहे. तो इथे आला.

रात्री मी खिडकी पुन्हा मोठी केली.
मोठी केली की नकाशाची कड कोरी पडते.
कडेच्या चौकोनांना शेजारी पुरत नाहीत
आणि शेजारी नाहीत त्याला उतारही नाही.
एक्क्याऐंशीला दोनशे मीटरांचा पांढरा पट्टा.
पलीकडचा तुकडा अजून आलेला नाही,
येईल, म्हणतात ऑफिसात, मार्चपर्यंत.

जाबुली मागे येऊन उभी राहिली.
हे घर कुठाय यात?
मी पांढऱ्यात बोट दाखवलं.
इथे रंग का नाही?
मी काहीतरी सांगितलं, आकड्यांबद्दल.
ती म्हणाली, असू दे. खरंच आहे ते.
वरची माणसं झुगदिदीला गेली, खालची
रुस्तावीला, हिवाळ्यात मी आणि त्साब्ला.
मग वाकली, अंगठा टेकवला पडद्यावर,
म्हणाली, लिही, इथे आहे.

कणकेचा ठसा राहिला.
मी पुसला नाही.
मोजला मात्र: साधारण सहा चौकोन रुंद,
कडेला थोडा चढ,
मधे खोलगट.