लॉट

प्रणोतीच्या वहीत आज एकच इंग्रजी शब्द.
बाई म्हणाल्यात, सहा अर्थ लिहून आणा,
समानार्थी शब्द वेगळे.
मी म्हटलं, दे इकडं. हा तर आमच्या पेढीचा शब्द.

एकवीस वर्षं सांगलीच्या यार्डात हेच लिहितोय:
लॉट एकशे चार, राजापुरी, पोती बावीस.
लॉट एकशे पाच, कणी, पोती तीन.
व्यापारी हळकुंड मोडतो,
दोन तुकडे कानाशी एकमेकांवर आपटून बघतो,
पँटला बोटं पुसतो आणि मग भाव बोलतो.
लॉट म्हणजे ढीग. लिही.

तिनं लिहिलं. मग पुस्तकातून वाचलं:
पुष्कळ, विपुल, मुबलक.
इस्त्रीचे शब्द. यार्डात कुणी घालत नाही.
कवठेएकंदचा माणूस मायंदाळ म्हणतो,
तासगावचा रग्गड,
अथणीहून टेम्पो घेऊन आलेला भाळ,
आणि काट्यावर वजन कमी भरलं
की तिघंही काहीच म्हणत नाहीत.

माझे वडील बक्कळ म्हणायचे.
हरिपुरात पेवात उतरायचे ते.
तोंड उघडून हवा जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
ज्योत तगली तर मागनं माणूस.
आत अंधारसुद्धा पिवळा असतो, म्हणायचे,
आणि खोकायचे.
त्या खड्ड्यांवरनं आपल्या भाषेत आलं, पेव फुटलं.
आता क्लासचं फुटतं, मोबाईलच्या दुकानांचं फुटतं.
पेवांत पुराचं पाणी शिरलं,
शब्द तेवढा कोरडा निघाला.

पप्पा, एका ओळीत सांगा ना.

तिसरा अर्थ: जमिनीचा तुकडा.
तो आपल्याकडं नाही, पुढं चल.

चौथा: चिठ्ठ्या टाकणं.
टाकल्या होत्या की आम्ही तिघा भावांनी,
बिस्किटाच्या डब्यात, मामांच्या समोर.
थोरल्याला पुढची खोली आली, धाकट्याला मागची.
मला भांडी, आणि तो कंदील.
हे लिहू नकोस.

पाचवा तिनं हळू वाचला:
वाट्याला आलेलं. नशीब.

मी चष्मा काढला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मोठ्या दिमाखात शिकवायला बसलो होतो,
अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला दिवाणजी!
एकवीस वर्षं मी नशिबाला नंबर टाकतोय,
निळ्या शाईनं, खाली कार्बन घालून, तीन प्रतींत,
आणि एक प्रत शेतकऱ्याच्या हातात देतोय,
घडी करा, हरवू नका, म्हणून.

सहावा अर्थ पुस्तकात सापडेना.
बराच वेळ पानं चाळली.
मला हौसाक्का आठवली.

सौदे संपले की ती येते, खराटा आणि सूप घेऊन.
फरशीच्या सांधीतली कणी,
उसवलेल्या पोत्यातनं गळलेले तुकडे,
हमालांच्या चपलांखाली भरडलेलं काहीबाही.
गोळा करते, पाखडते, माती उडवते.
चार ओंजळी. कधी पाच.
त्याला लॉट नंबर पडत नाही.
परवा मीच विचारलं, उगाच, वही बंद करता करता,
किती भरली गं आज?
तिनं सुपात बघितलं. माझ्याकडं बघितलं.
हाय की, म्हणाली.

हे लई की थोडं, मला अजून कळलेलं नाही.
कमी नव्हतं तिच्या आवाजात.
बास, असंही नव्हतं.

लिही, म्हटलं प्रणोतीला, सहावा अर्थ: हाय की.
तिनं पेन्सिल कानामागं खोचली, माझ्यासारखी.
पप्पा, याला मार्क मिळणार नाहीत.

मग पाचच लिही, म्हटलं.
आणि झोप आता.