पंधरा नंबरचा निरोप

डंडी बंदराच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला मी एका प्रोग्रॅमला
थांबायला सांगितलं.

कमांडचं नाव किल. नावावर जाऊ नका.
ती स्वतः कुणाला मारत नाही, निरोप पोचवते फक्त.
आणि निरोप म्हणजे काय
हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको:
सांगावाही तोच,
फाटकाशी हलणारा हातही तोच.

प्रोग्रॅम इशबेल मॅकरिचीचा. तीस वर्षांचा.
दर सहा मिनिटांनी टे नदीचं पाणी मोजतो
आणि लिहून ठेवतो.
उद्यापासून हे काम कुठल्याशा भाड्याच्या यंत्रावर,
ज्याने नदी पाहिलेली नाही.

पंधरा नंबर पाठवला.
काही झालं नाही.
अकरा सहा: तीन मीटर दोन. अकरा बारा: तीन मीटर तीन.
लिहितोच आहे.

खालून फर्गसचा मेसेज: नऊ मार आणि घरी जा.

नऊ नंबर अडवता येत नाही.
त्याच्याकडे कानाडोळाही करता येत नाही.
खरं तर तो निरोपच नव्हे;
कर्नल येतो, मधल्या अक्षरावरून उचलून नेतो,
वही उघडी ती उघडीच.

मी तिचा कोड उघडला.

इशबेल शिकवायची, चहात बिस्किट विरघळेपर्यंत बुडवून:
निरोप आला की तिथल्या तिथे काही करायला जाऊ नकोस.
तू कशाच्या मध्यात होतीस तुलाच माहीत नसतं,
कुलपात किल्ली अर्धी फिरलेली असेल.
एक खूण कर फक्त.
बाकीचं, जागेवर आल्यावर.

तसंच होतं. हँडलर एका ओळीचा, एक खूण.
आणि खूण बघायची जागा
शोधत शोधत दोनशे ओळी खाली,
वर तिची टीप:
अर्ध्या भरतीवरून कुणी उठत नाही.
पाणी वळू दे.

म्हणजे निरोप पोचला होता.
अकरालाच पोचला होता.
तो फक्त भरती पुरी करत होता.

माझी आई फोनवर विचारते, ठेवू?
मी म्हणते, ठेव.
मग शेजारच्या कुमुदताईंचा मोतीबिंदू निघतो,
गॅसचं बुकिंग निघतं,
तू जेवलीस का ते निघतं,
आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा: ठेवू?
मी कधी नऊ नंबर पाठवला नाही.
एकदा रेंज गेली, तेवढंच.

फर्गसला कळवलं, थांबते.
तो म्हणाला, एका प्रोसेससाठी?
मी उत्तर दिलं नाही. खूण करून ठेवली.

एक वाजता खिडकीबाहेरचा पूल गेला.
इथे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी इशबेलला सांगितलं होतं
आमच्याकडे हार गळ्यात घालतात, आणि हरण्यालाही हार म्हणतात.
ती खूप हसली. म्हणाली,
मग तिन्ही एकच आहेत, बाहेर जाऊन उभी राहा.
तिच्या शेवटच्या दिवशी
केक होता, कार्ड होतं,
आणि हीच हार, पार दारापर्यंत.

दोन. अडीच. आकडे हळू चढत होते,
मग दोनदा तोच आकडा,
मग तिसऱ्यांदा तोच.

तीन अठ्ठेचाळीस.
पाणी वळलं, असं त्याने लिहिलं.
फाइल बंद केली. कुलूप सोडलं. गेला.

शेवटचा आकडा मी विचारून घेतला.
विचारावा लागतो; जन्म देणाऱ्याने विचारलं नाही
तर गेलेल्याचं नाव यादीत तसंच उभं राहतं,
ना काम, ना जागा, नुसतं नाव.

शून्य, म्हणाला.
म्हणजे तक्रार नाही.

दिवा घालवायला हात वर केला
आणि रिकाम्या खोलीला विचारलं, निघू?
मग कप विसळला.
मग तिच्या खुर्चीची चाकं
उगीचच
सरळ केली.