फेसासकट

डिचोलीच्या दूध संस्थेत पहाटे साडेपाचला
कॅन उतरतात, तेव्हा उमाकांत मापारी
माप लगेच घेत नाही.
थांबतो. फेस बसू देतो.
"फेसाचे दुडू कोण दितलो, बाये?"

मी आतल्या खोलीत.
इथे पूर्वी पेंड ठेवायचे, वास अजून गेलेला नाही.
समोर एक यंत्र, त्याच्या पोटात दुसरं यंत्र,
जुनं, बंद पडलेल्या कंपनीचं.
फॅटचे हिशोब फक्त त्यालाच कळतात
म्हणून त्याला मरू दिलेलं नाही.

बाहेरचं म्हणतं, एकशे शहाऐंशी जीबी.
आतलं म्हणतं, एकसष्ट.
दोघंही शपथेवर.

चेअरमन वेर्लेकर दारातूनच विचारतात,
"मग खोटं कोण बोलतंय?"
आवाजात पोलीस पाटील.

चार-साडेचार तर लगेच सापडले.
एक हजाराने मोजतो, दुसरा एक हजार चोवीसने.
हे भांडण इथे नवं नाही:
गवळी लिटरने घालतो, टँकर किलोने नेतो,
मधले तीन टक्के
कुणीच प्यायलेलं नसतं.

उरले एकशे वीस.

त्यातले काही पुसलेले.
गोठा-अनुदानाचे स्कॅन, बॅकअपचे बॅकअप,
कुणाच्या तरी वासराचा व्हिडिओ.
आतलं हे सगळं केव्हाच विसरलं,
बाहेरच्याला कुणी सांगितलंच नाही.
ते जागा धरून बसलंय
टेकडीमागच्या खाणीसारखं:
माल गेला, बार्जी गेल्या, लीज संपली,
खड्डा तेवढाच. आता त्यात पाणी.

यावर उपाय आहे, पण उफराटा.
रिकामं दाखवायचं तर आधी शून्यांनी भरायचं,
काठापर्यंत, दोनशेपर्यंत फुगू द्यायचं,
मग बंद करून दाबायचं.
दाबलं. हललं नाही.

तेव्हा दिसली ती यादी, एका ओळीची.
स्नॅपशॉट एक. चौदा मार्च, संध्याकाळी सहा बावीस.
नाव: बदल करण्याआधी, उद्या काढतो. कायतान.

तो उद्या चार वर्षं झाली आलेला नाही.
कायतान थिवीहून बसने यायचा,
आता स्विंडनला गोदामात खोकी मोजतो.
त्या संध्याकाळनंतर मूळ डिस्कवर
एक थेंब पडलेला नाही.
रोजचं दूध, रोजची फॅट,
उमाकांतच्या बायकोच्या दोन म्हशींची सगळी वितं,
सगळं फक्त एवढंच लिहिलंय की
त्या सहा बावीसपेक्षा
आज काय वेगळं आहे.

मी त्याला विचारलं. रात्री उत्तर आलं,
"कसलो स्नॅपशॉट?"
मग बऱ्याच वेळाने,
"सायबा! काड गे ताका."
आणि झोपण्याच्या बेतात असताना,
"पेंडीचो वास अजून येता?"

बटणावर लिहिलंय 'काढा',
पण काढत काहीच नाही ते.
चार वर्षांचा फरक
उचलून मुळात ओततं.
मी आधी सगळ्याची प्रत घेतली,
माझ्या डिस्कवरून मावसभावाचं लग्न पुसून.
त्याने विचारलं तर बघू.

बारा टक्के. बारा टक्के. बारा.
वीज गेली, इन्व्हर्टरने कण्हत धरून ठेवली.
एकोणतीस.
मी पेंडीच्या वासात टेबलावर डोकं ठेवलं.

पहाटे कॅन वाजले तेव्हा
पुन्हा शून्यं भरून, दाबून झालं होतं.
बाहेर सहासष्ट. आत एकसष्ट.

"जालें?" उमाकांत.
"जालें."
"दोन्ही सारखे?"
"ना."
त्याने मान हलवली, जणू हेच बरोबर,
आणि कॅनवर फुंकर मारली.

वेर्लेकरांना मात्र लेखी हवं होतं.
मी लेटरहेडवर लिहिलं:
एकसष्ट म्हणजेच सहासष्ट, तपासले.
त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
शिक्का मारला.