पांगाऱ्याचा ओंडका

कॅम्पातल्या मेजरचं पोर पाण्याला भ्यायचं.
माझ्या आज्जानं, रवळू मोतद्दारानं,
पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून
कंग्राळीच्या विहिरीत त्याला ढकललं.
"पाय मार की गा, एडमंड!"

पुढे विलायतेहून फोटो यायचे,
लढाईत सहा वर्षं एकही नाही.
समुद्र न बघितलेला आज्जा
बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या मोजायचा.
एक. दोन. दोनांच्या मधे एक बारीक.
तीनला त्यानं खडेबाजारातून कुंदा आणून गल्लीत वाटला.
चारच्या आधी जहाज बुडालं म्हणे, हा तरंगला.
"तरंगणारच," म्हणून आज्जा तंबाखू मळत राहिला.

मग आला एकाच पट्टीचा फोटो.
"परत एकवर? काय चुकलं पोराचं?"
दोन दिवस जेवण गेलं नाही.
कॅम्पातल्या पेद्रू टेलरनं भिंग लावून पाहिलं:
"रुंदी बघ की, रवळूमामा.
चार गिळून एक झालीय ही."

शेवटच्या फोटोत टेबल, नकाशे, तीन टेलिफोन;
खिडकीबाहेर विटांची भिंत.
"ह्यात पाणी कुठाय?"
मास्तरांकडून पत्र लिहवलं: पोहतोस काय अजून?

उत्तर टाइप केलेलं, आभाराचं, सेक्रेटरीच्या सहीचं.
खाली शाईनं एक ओळ खरडलेली.
मास्तरांना लागली नाही.
"कुठलं इंग्रजी कोण जाणे," म्हणून
घडी घालून परत दिलं.

आज्जा गेल्यावर ट्रंकेत सापडलं मला.
इंग्रजी अक्षरं, एकेक सुटं करून वाचली:
पाय मार की गा.