तांब्याला लागू न देता

पहिल्यांदा अडकित्ताच आला हातात.
यावलच्या बाजारातला, पितळी मुठीचा.
सुपारी फुटते तशी वायर फुटली,
कटकन, आरपार,
आणि क्लिपेचा खिळा आडवा आला तोही.
पण मला नुसती तोडायची नव्हती,
सोलायची होती.
दोन्हींत बोटभर तांब्याचा फरक असतो.

मग ब्लेड, यांच्या दाढीच्या पाकिटातलं.
पोळपाटावर वायर ठेवली, हळूहळू फिरवली.
साल निघाली
आणि सालीबरोबर केसाएवढ्या तारा.
मोजल्या मी. सात.
उरलेल्यांनी काय, त्यांचाही आवाज वाहायचा?

दात लावणार होते.
वडील लावायचे, बोदवडला पंखे दुरुस्त करताना,
त्यांच्या पुढच्या दाताला खाच होती वायरीच्या मापाची.
पण माझ्या दाढेवर गेल्याच महिन्यात
साडेचार हजारांची टोपी बसली आहे.
वायर तीनशेची.

काडी ओढून पाहिली.
साल वितळली, तांबं काजळलं,
आतून हे म्हणाले, "काय जळू राह्यलं?"
वास येतो यांना.
भुसावळच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
इंजिनांच्या पोटाशी उभे राहिले,
उजवा कान गेला, डावा निम्मा.

त्यासाठीच तर हे सगळं:
सुयोगने पुण्याहून पाठवलेल्या दोन स्पीकरांपैकी एक
यांच्या खाटेशी, डाव्या बाजूला न्यायचा.
चौकटीवरून तेरा फूट.

हकीमुद्दीनभाईंनी काउंटरवर तीन मांडले.
एक पोपटाच्या चोचीसारखा, साडेपाचशेचा.
"दाबा, की झालं. डोकं लावायचं काम नाही."
दुसरा भोकाभोकांचा, प्रत्येक भोकाला नंबर,
आपल्या वायरीचा नंबर आपल्याला ठाऊक हवा.
मला नव्हता.
रोज हाताखालून जाणाऱ्या कशाची तरी
जाडी मोजलीय का मी कधी?
तिसरा लाल मुठीचा, एकशे दहा,
मध्ये एक स्क्रू,
जबडा किती मिटायचा ते ठरवणारा.

"याला शिकवावं लागतं, भाभी," ते म्हणाले
आणि भंगारातला वायरीचा तुकडा पुढे केला.
"मऊ लागतं तोवर साल.
कुरकुर लागली की तांबं.
तिथून अर्धा फेरा मागे."

अर्धा फेरा मागे.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, दुकानाचं शटर निम्मं खाली,
मी उभ्याउभ्या पाच टोकं वाया घालवली.
सहाव्याला साल अख्खी निघाली, नळीसारखी,
आतली एक तार न दुखवता.
भाईंनी टोक उजेडाकडे धरलं,
सगळ्या तारा पिळून एक केल्या.
"घ्या. झाला तुमचा."

घरी एकदा चुकलंच,
लाल रेघेची बाजू काळ्यात गेली.
दोन्ही स्पीकर वाजत होते,
पण तबला पत्र्याचा वाटत होता,
एकाच खोलीत दोघं
एकमेकांचं खोडत बोलावेत तसं.
हे मला ओळखू आलं लगेच.
टोकं बदलली.

आवाज भरला.
हे उठून बसले, डावा कान जाळीला लावला,
बराच वेळ तसेच.
मग म्हणाले, "कमी कर थोडा."

बस, एवढंच.
कूलरला पाणी घातलं.
सालींच्या नळ्या झाडून घेतल्या,
लाल मुठीचा तो ठेवला सांडशीच्या खिळ्याला.

अडकित्त्याला मात्र त्या दिवशीचा दात पडलाय.
कापलेल्या प्रत्येक सुपारीवर
एक बारीक रेघ उमटते.
हे ती अंगठ्याने चाचपतात,
माझ्याकडे बघतात,
आणि तोंडात टाकतात.