काचेच्या बाहेरून

नोटीसबोर्डाच्या काचेला कुलूप.
कुलपाची किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरात,
ड्रॉवरची किल्ली अधीक्षकांच्या करगोट्याला.
वेबसाइट आली तेव्हा वाटलं, काच गेली.
पण पासवर्ड नावाची नवी किल्ली निघाली
आणि ती डोक्यात घेऊन माळवदकर सर
हिंजवडीला नोकरीला गेले.

तेव्हापासून आमच्या कॉलेजात
दोन वर्षं एकच स्नेहसंमेलन चालू आहे
आणि वारलेले प्राचार्य
सर्वांचं हार्दिक स्वागत करतायत.

शिष्यवृत्तीची शेवटची तारीख तिथं एकतीस.
खरी, एकवीस.
ग्रंथालयातल्या संगणकावर मला ती रोज दिसायची.
फडकं मारून पडदा लख्ख केला,
चूक आणखी स्वच्छ दिसली.

श्रीलता चिलवेरी तीस तारखेला आली,
उत्पन्नाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत,
बोटांना आईच्या तंबाखूचा वास.
तेलुगूत म्हणाली, एक दिवस आधीच आले, काका.

आता पुण्याहून कंपनीचा माणूस आलाय.
भिंतीवर ढग, बाण, फिरता पृथ्वीगोल.
मे महिना. पंखा गरम हवा ढवळतोय.
तुम्हाला काय काय हवं, विचारतो.
प्राचार्यांना स्वतःचा फोटो हवा, मोठा.
उपप्राचार्यांना लाल अक्षरं, पळणारी.
मला पाणी द्यायला बोलावलंय.

ट्रे हातात तसाच राहिला आणि मी बोललो,
सर, एक सांगू का ओ?
अशोक चौकाच्या मागं अकरा वर्षं माग चालवला मी.
धागा तुटला की माग थांबतो.
मग जो जवळ असेल तो गाठ मारतो,
मालक जेवायला गेलेला असला तरी.
आणि प्रत्येक थानाला चिठ्ठी असते,
कुणाच्या हातचं, कुठल्या पाळीतलं.
चादर बिघडली तर चिठ्ठी बोलते.
गाठ मारायला परवानगी लागत नाही,
नाव लागतं.

कंपनीच्या माणसानं पेन उघडलं.
म्हणाला, हे होतं. सोपं आहे. स्वस्तही.
स्वस्त म्हटल्यावर समितीचा चेहरा पडला.
प्राचार्य म्हणाले,
मल्लेशम, पाणी ठेव आणि जा.

गेलो.
वहीचं एक पान फाडलं, डिंक घेतला,
काचेवर बाहेरून चिकटवलं:
खरी तारीख एकवीस होती.
चूक मला दिसली होती, मी गप्प बसलो.
मल्लेशम वंगा, ग्रंथालय परिचर.

दुसऱ्या दिवशी खाली कन्नडमध्ये तेच, कुणा बिराजदारची सही.
मग उर्दूत, उजवीकडून येत येत
माझ्या नावाला खेटून थांबलेलं.
मग पेन्सिलनं:
दुसरा एक फॉर्म जुलैत निघतो.
ज्यांचा राहिला त्यांनी बुधवारी दोनला वाचनकक्षात या,
मिळून भरू. श्रीलता.

अधीक्षक काचेसमोर बराच वेळ उभे होते.
किल्लीचा हात कमरेपर्यंत गेला, परत आला.
कागद कुलपाच्या आत नव्हता.

बुधवार उद्या आहे.
मी वाचनकक्षात बाक वाढवून ठेवलेत.